एस्प्लनेड मॅन्शन: पाडा किंवा दुरुस्त करा, पण आधी तिचा इतिहास उघडून पाहा

प्रति,
मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ,
बृहन्मुंबई महानगरपालिका,
मुंबई वारसा जतन समिती,
तसेच एस्प्लनेड मॅन्शनचे मालक आणि भाडेकरू

विषय: काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल

सप्रेम नमस्कार.

ही इमारत २०१९ मध्ये रिकामी झाली आणि तेव्हापासून चर्चा एकाच प्रश्नावर अडून राहिली आहे: पाडायची की दुरुस्त करायची. आयआयटी मुंबईच्या पाहणीत पाडण्याची शिफारस झाली, वारसा जतनाचं काम करणाऱ्या अभियंत्यांनी दुरुस्ती शक्य आहे असं सांगितलं. जुन्या इमारतींचं लोखंड, चुना आणि लाकूड यांचं काम करणारे आम्ही अभियंते, वास्तुविशारद आणि कारागीर दुसऱ्या बाजूचे आहोत, हे आधीच सांगून टाकतो. पण या पत्राचा मुद्दा त्या वादाच्याही आधीचा आहे. इमारत आज कशी दिसते यावर पानंच्या पानं लिहून झाली. ती अशी झाली कशी, कोणत्या मजल्यावर कधी काय तोडलं, काय चढवलं आणि पाणी नेमकं कुठून मुरलं, ही मांडणी मात्र मागे पडली. लोखंडी चौकटीच्या इमारतीत सर्वात आधी लागते ती हीच मांडणी.

वॉटसन्सचा इतिहास म्हटलं की लोकांना पाहुणे आठवतात. ७ जुलै १८९६ रोजी मारियस सेस्टिए यांनी इथे ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली, आणि भारतातला तो पहिला चित्रपटाचा खेळ मानला जातो. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मार्क ट्वेन इथे उतरले होते. जमशेटजी टाटांना दारातून परत पाठवल्याची गोष्ट आवडीने सांगितली जाते, पण इतिहासकारांनी तिच्यावर शंका घेतली आहे. यातलं जे खरं आहे ते फलकावर जरूर यावं. दुसऱ्या मजल्याच्या तुळईवर किती भार आहे, हे मात्र त्यातून कळत नाही. आम्ही मागतो आहोत तो भारांचा, पाण्याचा आणि तोडफोडीचा इतिहास.

त्याची सुरुवात इमारतीच्या जन्मापासून करावी लागते, कारण पुढच्या बऱ्याच अडचणींचं मूळ तिथेच आहे. १८६२ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात फोर्टचा तट काढायला सुरुवात झाली आणि एस्प्लनेडवरचे, म्हणजे तटाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यावरचे, भूखंड मोकळे झाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत वाहत होता. जॉन वॉटसन हे कापडाचे व्यापारी. त्यांनी १८६४ च्या लिलावात इथली जागा घेतली ती आपल्या धंद्याची कचेरी आणि मालाचं दालन बांधण्यासाठी. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, आणि शेवटी जी इमारत उभी राहिली ती १८७१ मध्ये हॉटेल म्हणून सुरू झाली: पाच मजले, १३० खोल्या, रस्त्याच्या बाजूला मजल्यामजल्यावर मोकळे लांब सज्जे. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा होता. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या छताच्या कामात आणि अल्बर्ट पुलाच्या रचनेत ज्यांचा हात होता तेच हे स्थापत्य अभियंते. लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आले आणि इथे जागेवर जोडले गेले. डर्बीच्या फीनिक्स फाउंड्रीचं नाव खांबांवर ओतलेलं आहे.

भार चौकटीने घ्यायचा आणि भिंतींनी फक्त जागा भरायची, ही कल्पना बहुमजली इमारतीत तेव्हा जगभरातच नवी होती. इंग्लंडमधलं शीअरनेसचं बोटींचं कोठार १८६० चं, फ्रान्समधल्या न्वाझिएलची चॉकलेटची गिरणी १८७२ ची, शिकागोची होम इन्शुरन्स इमारत १८८५ ची. वॉटसन्स या मालिकेत अगदी आरंभी बसते, आणि ती लोकांच्या राहण्यासाठी होती. ओव्हल मैदानाच्या भोवतीचा इमारतसमूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, त्याच्याही कितीतरी आधी जागतिक स्मारक निधीने ही इमारत २००५ साली धोक्यातल्या शंभर वास्तूंमध्ये घेतली होती. महापालिकेच्या वारसा यादीत ती दुसऱ्या श्रेणीच्या ‘अ’ गटात आहे.

आता सामानाकडे येऊ. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाबाला फार टणक आणि ताणाला कच्चं. त्याची दाब सोसण्याची ताकद ताण सोसण्याच्या ताकदीच्या चार-पाच पट असते. म्हणून खांबाला ते उत्तम. तुळईला वापरलं तर तिची खालची कड जाड ठेवावी लागते, कारण वाकताना ताण तिथे येतो. घडीव, म्हणजे ठोकून घडवलेलं, लोखंड तुटण्याआधी वाकून इशारा देतं, बीड तसा इशारा देत नाही. आणि अशा चौकटीत तिरपे बांध नसतात. वाऱ्याचं आडवं बळ खांब-तुळईच्या सांध्यांचा ताठपणा आणि मधल्या विटांचा भराव, हे दोघं मिळून पेलतात. भिंतीला ‘नुसता भराव’ समजून ती काढली की चौकटीचा आडवा आधार गेला. पुढे जे सांगायचं आहे त्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

१९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडल्यावर वॉटसन्सचा धंदा उतरत गेला. नंतर खोल्यांचे गाळे झाले, नाव आधी महेंद्र मॅन्शन आणि मग एस्प्लनेड मॅन्शन झालं. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय दोन पावलांवर असल्याने वकिलांच्या कचेऱ्या भरल्या, खाली दुकानं आणि उपाहारगृहं आली, आणि काही घरंही होती. मधला चौक, जिथे एकेकाळी काचेच्या छताखाली नाच चालत, तो कचऱ्याची जागा झाला.

वापर बदलला म्हणजे भार बदलला. इमारतींवर किती भार धरायचा हे सांगणाऱ्या भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात हॉटेलच्या झोपण्याच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, भार धरायला सांगितला आहे. कचेरीला साठवणीची जागा वेगळी असेल तर अडीच, नसेल तर चार. फाइली आणि दस्त ठेवायच्या खोलीला पाच. ऑर्डिश यांच्यासमोर हे मानक नव्हतं, पण पलंग-कपाटाची खोली आणि खटल्यांच्या कागदांनी भरलेली खोली यांतला फरक त्यावरून कळतो: दुपटीहून जास्त. रचून ठेवलेल्या कागदाचं वजन घनमीटरला सातशे-आठशे किलोच्या घरात जातं. एक मीटर लांब, ३५ सेंटिमीटर खोल आणि २.४ मीटर उंच मांडणी घ्या. फळ्या आणि मोकळी जागा वगळली तरी कागद चारशे किलोच्या आसपास भरतो, आणि तो एका अरुंद पट्टीवर, बहुतेक वेळा मधल्या नव्या भिंतीला टेकून उभा असतो. ती भिंत चार इंची विटेची असेल तर तिचं वजन वेगळं. तिच्याखाली तुळई आहे का, हे बांधताना कोणी पाहिलं असेल असं समजू नका.

मजल्यांची उंची भरपूर, म्हणून पोटमाळे आले. पोटमाळ्याची कडी भिंतीत घालताना भराव फोडतात, कधी तुळईच्या कडेला छिद्र पाडून बोल्ट मारतात. घडीव लोखंडाच्या तुळईला वरच्या किंवा खालच्या पट्टीत, दोन आधारांच्या मध्यभागी छिद्र पाडणं सर्वात वाईट. तेच छिद्र उभ्या पात्याच्या मधोमध असतं तर फारसं बिघडलं नसतं. बिडाच्या तुळईला खालच्या कडेला छिद्र पाडलं असेल तर ती तुळई हिशेबातूनच बाद धरून टेकू द्यावा लागतो.

त्यावर पाणी. सज्ज्यांच्या टोकाला मोऱ्या आणि संडास काढले गेले, वर प्लास्टिकच्या टाक्या चढल्या. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, आणि तो टन सज्ज्याच्या टोकावर. सज्जा पेलणारं ओतीव ब्रॅकेट आणि खांब यांच्यातल्या सांध्यावर त्याचा ताण येतो, आणि बिडाची कमजोर बाजू तीच. मोरीखाली गळतीवर उपाय म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला जातो. चार इंचाचा कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. तो पुन्हा गळायला लागला की त्याच्यावर दुसरा थर पडतो, पहिला काढायची तसदी कोणी घेत नाही. अशा ठिकाणी हातोडी मारून थर मोजले पाहिजेत. एका मोरीखाली तीन कोबे सापडले तर आश्चर्य वाटू नये.

मुरलेलं पाणी लोखंडाला दोन वेगळ्या तऱ्हांनी खातं, आणि तपासणी करणाऱ्याने त्यांची गल्लत करता कामा नये. घडीव लोखंड पापुद्र्यांनी सुटतं. गंज मूळ धातूपेक्षा कित्येक पट जागा घेतो, त्यामुळे सांध्यात अडकलेला गंज पट्ट्या फाकवतो, रिव्हेट तोडतो, शेजारची वीट ढकलतो. दिसायला हे भयंकर असतं, पण पापुद्रे खरवडून उरलेली जाडी मोजली की बऱ्याचदा धातू अपेक्षेपेक्षा जास्त शिल्लक निघतो. बिडाचं उलटं आहे. सतत ओल, त्यात खारं पाणी असेल तर लोह हळूहळू निघून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा मागे राहतो. आकार तोच, नक्षी तीच, रंगाखाली काही कळत नाही. टोकदार चाकूने खरवडलं तर काळी, पेन्सिलीच्या शिशासारखी भुकटी निघते. नुसत्या डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या अहवालात पहिला प्रकार जास्त गंभीर ठरतो आणि दुसरा सुटून जातो. म्हणून छायाचित्रांच्या जोरावर ‘दुरुस्तीपलीकडे’ असा निष्कर्ष काढलेला असेल तर तो आम्ही मान्य करत नाही, आणि ‘खांब ठणठणीत’ असा निष्कर्ष असेल तर तोही नाही.

पोकळ खांबांच्या बाबतीत आणखी एक. ओतताना आतला गाभा जागचा सरकतो, त्यामुळे खांबाची एक बाजू जाड आणि समोरची पातळ राहते. एका जागी जाडी मोजून गुणाकार केला तर हिशेब चुकतो. एकाच उंचीवर चारही बाजूंनी अल्ट्रासोनिक मोजणी करावी, ती दोन-तीन खांबांवर बारीक छिद्र पाडून ताडून पाहावी. छिद्र पाडायचं ते खांबाच्या मधल्या उंचीला, पायाशी किंवा डोक्याशी नाही. पोकळ खांबांतून पावसाचं पाणी उतरवण्याची रीत त्या काळात प्रचलित होती, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये तेच केलं होतं. इथले कोणते खांब आतून ओले आहेत हे छोटा कॅमेरा आत सोडून पाहावं. आतून तुंबलेला खांब बाहेरून कितीही रंगवला तरी सडत राहतो.

सज्जे पडले ते भार आणि पाणी या दोन कारणांच्या गाठीवर. २००५ च्या पावसाळ्यात पश्चिमेकडच्या सज्ज्यांचा भाग कोसळला आणि रस्त्यावरचा एक माणूस गेला. २०१८ च्या पावसाळ्यात पुन्हा तुकडा सुटला आणि खाली उभ्या टॅक्सीवर पडला. दोन्ही वेळा पावसाळाच होता. ओला कोबा आणि भिजलेला गिलावा जड झालेला असतो, आणि नेमका तेव्हाच सांधा सर्वात कमजोर असतो. रस्त्यावरच्या माणसाच्या जिवापुढे कोणताही वारसा मोठा नाही. म्हणूनच सज्ज्यांवरचं नंतर चढवलेलं सारं, म्हणजे मोऱ्या, बंदिस्ती, टाक्या, वातानुकूलनाची यंत्रं, जाहिरातींचे सांगाडे, हे पाडण्याच्या किंवा दुरुस्तीच्या निर्णयाची वाट न बघता उतरवायला हवं. दोन्ही निर्णयांत ते उतरवावं लागणारच आहे.

उतरवण्याचा क्रम मात्र पाळा. वरच्या मजल्यापासून खाली या. एका बाजूचं सगळं आधी आणि दुसरीकडचं मग, असं करू नका. दोन्ही बाजू थोड्या थोड्या हलक्या करत न्या, नाहीतर चौकट जास्त भाराच्या बाजूला झुकते. राडारोडा मजल्यावर ढीग करून ठेवू नका, पोत्यांत भरून त्याच दिवशी खाली आणा. ब्रेकर मशीन बंद, छिन्नी-हातोडीने काम. टेकू जमिनीपासून सुरू होऊन थेट वरपर्यंत एकाखाली एक यायला हवेत. तिसऱ्या मजल्याचा टेकू दुसऱ्या मजल्याच्या फळ्यांवर उभा केला तर भार फक्त सरकतो. परांची इमारतीच्या सज्ज्यांना बांधू नये, ती स्वतःच्या पायावर उभी राहावी. चौकटीच्या दोन लगतच्या गाळ्यांमधला, म्हणजे खांबांमधल्या जागांमधला, विटांचा भराव एकाच वेळी काढू नये. एक गाळा उघडला, तात्पुरता तिरपा बांध घातला, लोखंड दुरुस्त केलं, भराव परत घातला, मग पुढचा.

भिंतींत रुजलेले पिंपळ-वड उपटू नका. मूळ ओढताना वीटही निघते. खोड कापून, ताज्या कापावर औषध लावून, मूळ मरू द्यावं आणि नंतर ती पोकळी चुन्याने भरावी.

आता दुरुस्तीच्या रूढ पद्धतीबद्दल, कारण इथे आमचा मंडळाशी खरा मतभेद आहे. शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींत सडक्या लाकडी कडीपाटाच्या जागी लोखंडी जोइस्ट, म्हणजे आडव्या कड्या, टाकून वर काँक्रीटची लादी ओतण्याची रीत आहे. विटांच्या भारवाही भिंतींच्या चाळीत ती एकवेळ चालून जाते. बिडाच्या चौकटीवर ती घातक आहे. इंचभर जाड सागवानी फळ्या आणि त्यांच्याखालच्या कड्या मिळून दर चौरस मीटरला पन्नासेक किलो भरतात, १२५ मिलिमीटरची काँक्रीटची लादी तीनशेच्या वर. एकही माणूस किंवा कपाट आत यायच्या आधीच चौकटीवर दर चौरस मीटरला अडीचशे किलो जादा, आणि असे चार मजले. कडी सडते ती बहुतेक वेळा भिंतीत गेलेल्या टोकाला, शेवटच्या फूट-दीड फुटात. तेवढा भाग कापून, नवं सागवान जोडपट्ट्यांनी सांधून किंवा बाजूने पोलादी पट्ट्या बोल्टने आवळून ती कडी पुन्हा कामाला लागते. पूर्वीच्या दुरुस्तीत कुठे काँक्रीट ओतलं गेलं असेल तर ते आधी शोधा. त्या गाळ्याचे खांब आणि तुळया बाकीच्यांपेक्षा जास्त दमलेले असतील.

खांबाभोवती काँक्रीटचं आवरण घालण्याची सूचनाही अशा कामांत हमखास येते. ती स्वीकारू नये. आतला धातू कायमचा नजरेआड होतो, बीड आणि काँक्रीट यांच्या फटीत ओल साठते, आणि पुढच्या पिढीला तपासायला काही उरत नाही. तडा गेलेल्या बिडाला जागेवर वेल्डिंग करणं याहून वाईट. बिडात कार्बन दोन ते चार टक्के असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनंतर शेजारची पट्टी काचेसारखी कडक होते आणि थंड होताना तिथेच नवा तडा जातो. त्याऐवजी तड्यावर आडव्या खाचा पाडून निकेल मिश्रधातूच्या पट्ट्या न तापवता ठोकून बसवण्याची पद्धत आहे. यंत्रांच्या दुरुस्तीत ती अनेक दशकं वापरात आहे आणि इथल्या कारखान्यांतल्या फिटरना ठाऊक आहे.

जो भाग वाचवण्यासारखा नाही तो नव्याने ओतावा लागेल. इथे एक चूक सर्रास होते: जुनाच भाग साचा म्हणून वाळूत दाबतात. बीड थंड होताना दर फुटाला सुमारे एक अष्टमांश इंच आकसतं, म्हणजे शंभराला एक. तीन मीटरचा खांब अशा रीतीने ओतला तर तो ३० मिलिमीटर आखूड येतो, मग पाचर घालून वेळ मारून नेतात आणि भार त्या पाचरीवर येतो. सुताराने लाकडी नमुना हे आकसणं धरूनच करावा. जुने बोल्ट व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे असण्याची शक्यता जास्त. त्या आट्यांचा कोन ५५ अंश, आजच्या मेट्रिक आट्यांचा ६०, त्यामुळे नवा नट जुन्या बोल्टवर जबरदस्तीने फिरवला तर आटे मरतात. स्टेनलेस बोल्ट घालायचे तर बिडाशी थेट स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये नायलॉनच्या चकत्या हव्यात.

रंगकामाला मुंबईत वेळ थोडाच मिळतो. जुना रंग शिशाचा असणार असं धरूनच मास्क, बंदिस्त पडदे आणि वेगळी विल्हेवाट ठेवा. साफ केलेल्या पृष्ठभागावर क्षार शिल्लक आहेत का ते पट्टीने तपासा, असतील तर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून पुन्हा साफ करा. साफ केल्यावर पहिला हात काही तासांत बसला पाहिजे. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त नसेल तर काम थांबवा. याचा अर्थ लोखंडाचं उघडं काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच. जूनमध्ये कंत्राटाची मुदत संपते म्हणून मे अखेरीस घाईने मारलेला रंग दुसऱ्या पावसाळ्यात फोड धरतो. निविदेतलं वेळापत्रक ऋतू पाहून आखलं जावं ही आमची ठाम मागणी आहे. भरावाच्या विटा परत बसवताना चुना वापरा, सिमेंट नको. सिमेंटचा गिलावा पाणी आत अडकवतो आणि ते लोखंडाच्या मागच्या बाजूला, जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे, साठतं. लोखंडाची मागची बाजू रंगवून झाल्याशिवाय वीट लावू नये.

पावसाचा हिशेब छपरापासून करा. तासाला १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे छपराच्या दर चौरस मीटरला तासाला १०० लिटर पाणी, आणि मुंबईत असा तास येतोच. पन्हळी आणि उतरत्या नळ्या यावर मोजून ठरवा, आणि सगळ्या नळ्या बाहेरून, दिसतील अशा न्या.

हे सगळं करायला आधी जो कागद लागतो तो मिळवणं अवघड नाही. महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय याच रांगेत, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. एस्प्लनेडच्या भूखंडांचा सरकारी पत्रव्यवहार शोधायची पहिली जागा ती. लॉटन यांच्या मुंबईच्या १८७२ च्या नकाशावर मूळ बाह्यरेषा तपासता येईल. नगर भूमापन कार्यालयातलं मालमत्ता पत्रक मालकी कशी फिरली ते सांगतं. महापालिकेच्या करनिर्धारण नोंदवह्या मात्र सर्वात मोलाच्या. कोणत्या वर्षी कोणता गाळा दोनात विभागला, कुठे दुकान झालं, कुठे बांधकाम वाढलं, हे कर वाढवण्यासाठी कारकुनाने लिहून ठेवलेलं असतं. मंडळाच्या आपल्या दुरुस्तीच्या फाइली आहेत, त्यांतली मोजमाप पुस्तकं काढा. कुठे किती जोइस्ट आणि किती घनमीटर काँक्रीट घातलं ते तिथे असतं. शिवाय जुनी छायाचित्रं: सज्जे कधी मोकळे होते आणि कधी बंद झाले हे त्यांवरून ठरवता येतं. आणि भाडेकरू. कोणत्या भिंतीमागे पूर्वी दार होतं, कुठली मोरी कधी बांधली, कोणती खोली पावसात गळायची, हे त्यांना पाठ आहे. ते विखुरण्याच्या आत त्यांच्याकडून मजल्याच्या नकाशावर खुणा करून घ्या.

ही माहिती एका तक्त्यात बसवा. प्रत्येक खांब, तुळई आणि ब्रॅकेटला क्रमांक. समोर मूळ वापर, नंतरचे वापर आणि वर्षं, त्यावर चढलेला भार, पाण्याचा स्रोत, आधीची दुरुस्ती, मोजलेली जाडी, आणि शेवटच्या रकान्यात निर्णय: तसाच ठेवा, जागेवर दुरुस्त करा, उतरवून दुरुस्त करा, नवा ओता. असा तक्ता झाला की ‘किती टक्के इमारत गेली’ या प्रश्नाला अंदाजाऐवजी आकडा मिळतो. ही इमारत तुकड्यांनी आली आणि बोल्टांनी जोडली गेली, त्यामुळे तिचा एक ब्रॅकेट सोडवून कारखान्यात नेणं आणि परत लावणं तिच्या रचनेतच बसतं. दगडाच्या किंवा काँक्रीटच्या इमारतीत ही सोय नसते.

पाडून हुबेहूब नवी बांधण्याचा पर्याय मांडला जातो, त्याबद्दल थोडक्यात. पोलादी सांगाड्यावर बिडाची नक्षी चिकटवलेली इमारत रस्त्यावरून सारखी दिसेल, पण भार पोलाद घेईल आणि बीड सजावट उरेल. १८७१ च्या चौकटीकडून अभियंत्यांना जे शिकायचं आहे ते तिच्यात नसेल. उपकरप्राप्त इमारत पाडून बांधली की वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, मिळतं, दुरुस्त केली तर मिळत नाही. हा फरक सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तांत्रिक अहवाल देणाऱ्याचा या हिशेबाशी काहीही संबंध नसल्याचं लेखी घ्या. मालकांचा प्रश्नही खरा आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि १९९९ च्या कायद्यानेही त्यात मोठा फरक पडला नाही. त्या भाड्यात ओतीव लोखंड सांभाळणं कुणालाच शक्य नव्हतं. वारसा इमारतीच्या न वापरलेल्या चटईक्षेत्राचा विकासहक्क हस्तांतरित करण्याची तरतूद नियमावलीत आहे. तो हक्क विकून येणारा पैसा याच इमारतीच्या दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात जमा व्हावा आणि कामाच्या टप्प्यांनुसार सुटावा, अशी अट घाला. भाडेकरूंच्या परत येण्याच्या हक्काची यादी, गाळा क्रमांक आणि क्षेत्रफळासह, दुरुस्ती सुरू होण्याआधी प्रसिद्ध करा. त्याशिवाय ते कोणत्याच निर्णयावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवू नयेत.

पुढच्या पावसाळ्याच्या आत चार गोष्टी होऊ शकतात: सज्ज्यांवरचा नंतरचा भार उतरवणं, छपरावर तात्पुरतं आच्छादन घालून पाणी बाहेरच्या नळ्यांना जोडणं, जमिनीपासून टेकू, आणि वर सांगितलेला तक्ता भरायला घेणं. तक्ता पूर्ण झाला की तो, आतापर्यंतचे सर्व तपासणी अहवाल आणि त्यांची मूळ मोजमापं महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत आणि इंग्रजीत ठेवा, आणि हरकतींसाठी किमान ६० दिवस द्या. मोजणी, खुणा आणि क्रमांकनाच्या कामाला आमच्यातले लोक विनामोबदला यायला तयार आहेत.

आपले,
जुन्या इमारतींच्या कामातले अभियंते, वास्तुविशारद, सुतार, ओतारी आणि गवंडी